‘मोर बेटर’ का चुकतं?

प्रश्न : मी अकरावीत आहे. निबंधात ‘मोर बेटर’ लिहिलं की बाई गुण कापतात. मराठीत ‘अधिक चांगलं’ चालतं, मग इंग्रजीत का नाही? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : ‘बेटर’मध्येच ‘अधिक’ आलेलं आहे, म्हणून ‘मोर’ नको. जोर हवा असेल तर ‘मच बेटर’ लिही. ते बरोबर आहे.

नियम मोजकेच आहेत. ‘टॉल’सारख्या छोट्या शब्दांचं ‘टॉलर, टॉलेस्ट’ होतं, ‘हॅपी’चं ‘हॅपिअर, हॅपिएस्ट’. ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब शब्दांआधी ‘मोर’, ‘मोस्ट’ येतं. ‘गुड’, ‘बॅड’ची रूपं मात्र पाठच कर : बेटर-बेस्ट, वर्स-वर्स्ट. तुलनेत पुढे ‘दॅन’ येतं; ‘सीनियर’, ‘ज्युनियर’नंतर ‘टू’. रोज दोन वाक्यं लिहीत जा, सवय नक्की होईल.