कलमाची फांदी

नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात मी बावीस वर्षं संडे स्कूल घेतलं. मुलं किती शिकली देव जाणे. माझ्या पदरात पडलं ते हे.

१. नासरेथच्या सभास्थानात येशूने एवढंच म्हटलं की, दुष्काळात इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीया संदेष्ट्याला धाडलं ते सीदोनातल्या सारफथच्या बाईकडे. तेवढ्यावरून गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघाले. त्या गावकऱ्यांना मी दरवर्षी नावं ठेवायचो. एकदा एका मुलीने वर्गात सांगितलं, शेजारच्या हिंदू मावशीची प्रार्थना देवाने ऐकली. तिला गप्प केलं ते मीच.

२. रोमकरांस पत्रात, अकराव्या अध्यायात, पौल यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना बजावतो: तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, चांगल्या झाडावर कलम केलेल्या, तुटलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नका, मूळ तुम्हाला पोसतं. आमचे दादा मोसंबीचे डोळे भरायचे. हे ऐकून ते हसले. "उलटंच सांगतोय की हा! खुंट जंबेरीचा, वर डोळा मोसंबीचा. रानटी फांदी चांगल्या झाडावर कोण बांधतं?" मी पुढे वाचलं, तर हे निसर्गाच्या उलट आहे असं पौलच म्हणतो. दादा जरा थांबले. "मग त्या फांदीनं तोंडच उघडू नये."

फांदीने उघडलं. यहुद्यांना शतकानुशतकं ख्रिस्ताचे मारेकरी म्हटलं गेलं. सरसकट सगळ्यांवरचा हा आरोप कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने नाकारला, तेव्हा १९६५ साल उजाडलं होतं.

३. एज्राच्या पुस्तकात परक्या बायका लेकरांसकट घालवून देतात. रूथच्या पुस्तकात मवाबी सून दाविदाची पणजी होते. खरं कोणतं, असं मुलं विचारतात. मी दोन्ही वाचायला लावतो.

४. खरी परीक्षा पंगतीत. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवायचा. याकोबाकडची यहुदी माणसं आली आणि तो हळूच बाजूला सरकला. पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावलं. आमच्या मंडळीतल्या एका लग्नात, बाप्तिस्मा सगळ्यांचा एकच असूनही, जुन्या जातीप्रमाणे दोन पंगती बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप बसल्या. मी पहिल्या पंगतीत होतो. जिलेबी दोनदा घेतली.

पुढच्या रविवारी पेत्राचा तोच धडा होता. मी योना घेतला, मुलांना मासा आवडतो. परक्यांचं निनवे शहर वाचलं म्हणून रुसून बसलेला योना मात्र वेळेअभावी राहून गेला.