खरवडकाम : जुन्या यंत्राला अचूकता परत देणारे हस्तकौशल्य

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. येथील भवानीच्या जुन्या दगडी मंदिरात शके १०९८ चा शिलालेख आहे. हेमाडपंती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधणीचा विशेष असा की, तीत दगड चुन्याने सांधलेले नसतात. घडीव दगड दगडावर नेमका टेकतो आणि त्या टेकण्यावरच सारी वास्तू उभी राहते. एक पृष्ठभाग दुसऱ्याशी तंतोतंत जुळविण्याची विद्या या भूमीला अशी जुनी आहे. हीच विद्या लोखंडावर चालविली म्हणजे तिला कारखान्यात ‘स्क्रेपिंग’ म्हणतात. मराठीत तिला खरवडकाम म्हणावे. झिजलेल्या यंत्राला पुन्हा अचूक करणारे हे कौशल्य आज शिकणारे थोडे आहेत. त्याची गरज मात्र तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेली आहे.

लेथ झिजला की काय होते

वऱ्हाडातील शेती आणि शेतमालावरील उद्योग यंत्रावर अवलंबून आहेत. ओलिताचे पंप, मळणीयंत्रे, ट्रॅक्टरची अवजारे, जिनिंग कारखाने आणि डाळ गिरण्या यांच्या दुरुस्तीचे काम अखेर लेथवर येते. पंपाचा शाफ्ट कातून द्यावयाचा असेल, तर त्यावरील बेअरिंगची जागा शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने उतरावी लागते. लेथच सरळ चालत नसेल, तर कातारी कितीही कुशल असला तरी शाफ्ट एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक होतो. बेअरिंग सैल बसते, तापते आणि ऐन हंगामात पंप बंद पडतो. वर्कशॉपमधील दोष अशा रीतीने शेतकऱ्याच्या विहिरीवर प्रकट होतो.

लेथचा मुख्य आधार म्हणजे त्याचा बेड. तो ओतीव बिडाचा असतो आणि त्यावरील मार्गांवरून सॅडल पुढेमागे सरकते. बहुतेक कामे आखूड असल्यामुळे सॅडलची ये-जा चकाजवळच अधिक होते. साहजिकच बेड तेथे खोलगट होतो आणि टेलस्टॉककडील बाजू जवळजवळ नवीच राहते. बिडाचा चुरा, धूळ आणि तेलाचा अभाव यांमुळे ही झीज वाढते. खोलगट भागात सॅडल खाली बसते व कलते, त्याबरोबर हत्यारही जागा सोडते. बाहेरून रंगविलेले यंत्र नवे दिसले तरी ही झीज रंगाने झाकत नाही.

तरीही झिजलेले यंत्र मेलेले यंत्र नव्हे. हरिहर येथे १९४१ साली सुरू झालेला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना पुढे बंद पडला. बंगळूर येथे १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. अशा कारखान्यांचे लेथ अनेक ठिकाणी दशकानुदशके चालले. त्यांचा जड बेड शाबूत असतो आणि ओतकामातील अंगभूत ताण वर्षानुवर्षांत बराचसा निवळलेला असतो. गेलेली असते ती वरच्या पृष्ठभागाची काही दशांश मिलिमीटर समता. ती परत आणता आली, तर यंत्र परत येते.

सपाटी कोठून येते

सपाट पृष्ठभाग सपाट आहे हे ताडण्यासाठी दुसरा सपाट पृष्ठभाग हवा. मग पहिला कोणी तयार केला? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील यंत्रकारागिरांनी शोधले. जोसेफ व्हिटवर्थ हे लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम करीत होते. त्यांनी १८४० साली ग्लासगो येथील विद्वत्सभेत या विषयावर निबंध वाचला. पृष्ठभाग कुरुंदाच्या भुकटीने एकमेकांवर घासण्यापेक्षा उंच भाग हत्याराने खरवडून काढणे श्रेष्ठ, असे त्यांचे प्रतिपादन होते. घासताना भुकटी नको तेथेही कापते. खरवडताना कारागीर ठरवील तेवढेच निघते.

या पद्धतीचा पाया तीन पाट्यांचा नियम हा होय. अ आणि ब या दोन पाट्या एकमेकींशी जुळविल्या, तर त्या सपाटच असतील असे नाही. एक फुगीर व दुसरी खोलगट असूनही त्या जुळतील. म्हणून क ही तिसरी पाटी अ शी जुळवावयाची. अ फुगीर असेल, तर ब आणि क दोन्ही खोलगट झालेल्या असतात आणि त्या एकमेकींवर ठेवताच दोष दुप्पट होऊन दिसतो. तो दोष दोघींत वाटून काढावयाचा आणि पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू करावयाची. पीळ राहू नये म्हणून पाट्या काटकोनात फिरवूनही ताडावयाच्या. तिन्ही पाट्या कोणत्याही जोडीने व कोणत्याही दिशेने जुळल्या, की त्या सपाटच असतात.

हा नियम माध्यमिक शाळेतही दाखविता येतो. शहाबादी फरशीचे सारख्या मापाचे तीन तुकडे, बारीक वाळू आणि पाणी एवढे साहित्य पुरते. दोनच तुकडे एकमेकांवर घासत राहिल्यास वरचा खोलगट व खालचा फुगीर होत जातो. तिन्ही तुकडे आळीपाळीने, वरचा खाली व खालचा वर करीत घासले, तर सपाटीकडे जातात. भूमितीतील प्रतल ही केवळ फळ्यावरची कल्पना नाही, हे विद्यार्थ्यांना या प्रयोगातून स्वतःच्या हाताने कळते.

काम शिकण्याचा क्रम

शिकाऊ उमेदवाराने प्रथम लहान बिडाचा ठोकळा घ्यावा. यंत्राच्या बेडला एकदम हात लावू नये. साहित्य मोजके आहे : खात्रीची सरफेस प्लेट, स्क्रेपर, निळा रंग आणि हत्याराला धार लावण्याचे साधन. सपाट पृष्ठभागासाठी सपाट स्क्रेपर, तर बेअरिंगच्या वक्र भागासाठी अर्धगोल किंवा तिधारी स्क्रेपर वापरतात. पूर्वी जुन्या कानशीपासून स्क्रेपर घडवीत. आता कार्बाइडचे पाते बसविलेला स्क्रेपर प्रचारात आहे. त्याची धार किंचित कमानदार ठेवावी, म्हणजे कोपरे पृष्ठभागात रुतत नाहीत.

सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा अगदी पातळ लेप द्यावयाचा, ठोकळा त्यावर ठेवून थोडा सरकवावयाचा आणि उचलून ठसा पाहावयाचा. जेथे रंग लागला तो भाग उंच. रंगाच्या कड्यात मध्यभाग चकाकत असेल, तर तो सर्वांत उंच. तेथील रंग दाबाने बाजूला सारला गेलेला असतो. पूर्वी रंगासाठी शेंदूरही वापरीत. शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी आहे. त्याचा वापर टाळावा आणि कोणत्याही रंगाने काम केल्यावर हात धुतल्याखेरीज अन्नाला स्पर्श करू नये.

खरवडताना जोर मनगटाचा नसतो. स्क्रेपरची मूठ कमरेजवळ टेकवून शरीराच्या झोकाने आखूड, समान फटकारे मारावयाचे असतात. एका फटकाऱ्यात काही सहस्रांश मिलिमीटर एवढेच बीड निघते. प्रत्येक फेरीत दिशा बदलावी, म्हणजे पृष्ठभागावर लाटा उठत नाहीत. फेरी संपली की कडांवरील बारीक कूस दगडाने काढावी, पृष्ठभाग स्वच्छ पुसावा आणि पुन्हा ठसा घ्यावा. प्रारंभी दोनचार मोठे डाग दिसतात. पुढे ते फुटून अनेक लहान ठिपके होतात. साधारण यंत्राच्या सरकत्या भागावर २५ मिलिमीटर चौरसात दहा ते पंधरा ठिपके समाधानकारक मानतात. अधिक अचूक कामासाठी वीस ते पंचवीस ठिपके लागतात. काम जसे बारीक होईल, तसा रंगाचा लेपही पातळ करीत जावे.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे ठिपक्यांच्या संख्येलाच सपाटी समजणे. पृष्ठभागभर ठिपके उमटूनही तो मध्ये फुगीर असू शकतो. त्यासाठी सोपी कसोटी आहे. ठोकळा प्लेटवर ठेवून त्याच्या एका टोकाला बोटाने आडवा हलका धक्का द्यावा. तो मध्यबिंदूभोवती भिंगरीसारखा फिरला, तर मध्यभाग उंच आहे. अगदी दूरच्या टोकाभोवती फिरला, तर मध्यभाग खोल आहे. टोकापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावरच्या बिंदूभोवती फिरला, तर टेकण योग्य आहे.

ठिपक्यांमधील सूक्ष्म खळगे हा दोष नव्हे. त्यांत तेल टिकते आणि सरकणारा भाग तेलाच्या पातळ थरावर चालतो. आरशासारखे गुळगुळीत दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून बसतात व तेल बाहेर ढकलतात. म्हणूनच संगणकनियंत्रित यंत्रांच्या काळातही जपान व स्वित्झर्लंडमधील उच्च अचूकतेच्या यंत्रांचे काही निर्माते महत्त्वाचे पृष्ठभाग हातानेच खरवडून जुळवितात.

यंत्राचा पुनरुद्धार

ठोकळ्यावर हात बसल्यानंतर यंत्राकडे वळावे. पहिले काम मोजण्याचे असते. एका मीटरला दोन शतांश मिलिमीटरचा फरक दाखविणारी पाणसळ, डायल आणि टेस्ट बार यांच्या साहाय्याने झीज कोठे व किती आहे याचा तक्ता तयार करावा. बेडचा जो भाग कधीच झिजत नाही, त्याचा आधार धरून बेड प्रथम सरळ करावा. त्यानंतर सॅडल बेडशी जुळवावी, मग आडवी स्लाइड आणि शेवटी हेडस्टॉक व टेलस्टॉक एका रेषेत आणावेत. हा क्रम मोडला, तर आधी केलेले काम वाया जाते.

बेड व सॅडल खरवडल्यावर सॅडल आपल्या मूळ जागेपेक्षा खाली येते आणि लीड स्क्रूशी तिचे नाते बिघडते. म्हणून तिच्याखाली घर्षणरोधक पट्टी चिकटवून ती पुन्हा वर घ्यावी लागते. आडवी स्लाइड अशी बसवावी की, कातलेला दर्शनी पृष्ठभाग किंचित खोलगटच उतरावा, फुगीर कधीही उतरू नये. खोलगट तबकडी कडांवर स्थिर टेकते. फुगीर तबकडी डुलते.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. एक मीटर लांबीचे बीड एका अंश सेल्सिअसने तापले, की सुमारे एक शतांश मिलिमीटरने वाढते. पत्र्याच्या छपराखाली बेडचा वरचा भाग तापून खालचा थंड राहिला, तर बेड कमानीसारखा वाकतो. दुपारी केलेले अचूक काम अशा वेळी सकाळी चुकलेले आढळते. मोजमापे सकाळच्या प्रहरी घ्यावीत, यंत्रावर ऊन पडू देऊ नये आणि सरफेस प्लेट कामाच्या जागीच रात्रभर ठेवावी.

प्रत्येक यंत्र या उपायाने सुधारते असे नाही. बेड कडक केलेला असेल, तर त्यावर स्क्रेपर चालत नाही. तो ग्राइंडिंगसाठी मोठ्या शहरी पाठवावा लागतो. त्यानंतरही सॅडल त्या बेडशी हातानेच जुळवावी लागते. बेडला तडा गेला असेल किंवा मुख्य स्पिंडल व गिअर निकामी होऊन सुटे भाग मिळत नसतील, तर खर्चाचा हिशेब आधी करावा. मोजणीचा तक्ता हातात असला, की हा निर्णय अंदाजावर घ्यावा लागत नाही.

संस्थांनी काय करावे

देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ साली झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारी हा व्यवसाय दोन वर्षांचा असून त्याच्या अभ्यासक्रमात खरवडकामाचा समावेश आहे. परंतु अभ्यासक्रमात नाव असणे आणि हातात कला असणे यांत अंतर आहे. ही कला व्याख्यानाने येत नाही. ती जाणत्या जोडाऱ्याजवळ उभे राहून, ठसा वाचीत आणि चुकत शिकावी लागते. असे जोडारी निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर शिकविणारा हातही जात आहे.

तांत्रिक शाळा व प्रशिक्षण संस्थांतील जुन्या लेथचे निर्लेखन करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा अधिकाऱ्यांपुढे कागदावर यंत्राचे वय व मूळ किंमत असते. त्याच्या बेडचे मोजमाप क्वचितच असते. ते मोजमाप प्रस्तावासोबत मागविल्यास दोन गोष्टी साधतील. जे यंत्र सुधारण्याजोगे आहे ते भंगारात जाणार नाही. आणि ज्याची सुधारणा परवडत नाही, त्याच्या बिडाचे ठोकळे प्रशिक्षणार्थींना सरावासाठी मिळू शकतील. गावाजवळच्या निवृत्त जोडाऱ्यांना शोधून त्यांना शाळेत किंवा संस्थेत शिकविण्यास निमंत्रित करणे हे काम पंचायत सदस्य आणि शिक्षक सहज करू शकतील. तरुणासाठी या शिक्षणाचे मोल रोख आहे. स्क्रेपर, पाणसळ व डायल एवढी साधने एका पेटीत मावतात, आणि झिजलेले यंत्र तर प्रत्येक तालुक्यात आहे.

बार्शीटाकळीच्या मंदिरातील दगड घडविणाऱ्या कारागिरांजवळ आजची मापनसाधने नव्हती. दगड टेकेपर्यंत तो घडवीत राहण्याची चिकाटी मात्र होती. निळा ठसा पुसून पुन्हा पुन्हा खरवडणाऱ्या उमेदवारास तीच चिकाटी लागते. ती अंगी बाणली, तर तालुक्यातील लेथ सरळ चालेल, त्यावर कातलेला शाफ्ट खरा उतरेल आणि ओलिताच्या दिवसांत विहिरीवरचा पंप चालू राहील.