दूर बसलेल्या सभासदासाठी बैठकीची खोली

जामखेड हे तालुक्याचे ठिकाण अहिल्यानगर या जिल्हा मुख्यालयापासून सुमारे 75 किलोमीटर दूर आहे. तासाभराच्या बैठकीसाठी जाऊन येण्यात अधिकाऱ्याचा अख्खा दिवस मोडतो. दूरदृश्य प्रणालीने, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या ‘व्हीसी’ने, हा प्रवास पुष्कळसा वाचविला. 2020 सालच्या साथीनंतर तर काही जण सभागृहात आणि काही जण पडद्यावर अशा संमिश्र बैठका नित्याच्या झाल्या. परंतु बैठकीची खोली मात्र जुन्याच पद्धतीची राहिली. पुढे मंच, मध्ये लांब मेज, मागे खुर्च्यांच्या रांगा. या मांडणीत पडद्यावरच्या सभासदाला समोरच्यांची डोकी तेवढी दिसतात आणि पंख्याची घरघर ऐकू येते. तो उपस्थित असतो, पण सहभागी नसतो.

दुरून विचारविनिमय करणे या जिल्ह्याला नवीन नाही. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत तो राबविण्यात आला आणि त्यांत तत्कालीन अहमदनगर जिल्हाही होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील प्रसारणात मिळत. यंत्र एकतर्फी होते, तरी प्रश्न परत पाठविण्याची वाट योजनेतच आखलेली होती, हे त्या प्रयोगाचे खरे मर्म. 2019 च्या मे महिन्यात दुष्काळी तालुक्यांतील सरपंचांशी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ‘ऑडिओ ब्रिज’द्वारे संवाद साधला. त्यात चित्र नव्हतेच. केवळ दूरध्वनीवरून पाणी, चारा आणि टँकर यांच्या अडचणी मांडल्या गेल्या.

यावरून खोलीची आखणी करताना आवाजाचा विचार प्रथम करावा, हे उघड आहे. चित्र क्षणभर गोठले तरी काम चालते, शब्द हरवला तर चालत नाही. मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ यांत एका अक्षराचे अंतर आहे. टंचाईच्या बैठकीत सात हजार लिटर की साठ हजार लिटर, हा फरक एखाद्या वस्तीच्या तहानेचा असतो.

मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे 6 डेसिबलने घटते. अर्ध्या मीटरवरचा ध्वनिग्राहक चार मीटरवर नेला तर ही घट 18 डेसिबलपर्यंत जाते. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज ही घट थोडी भरून काढतो खरा, पण शब्द अस्पष्ट करूनच. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर काँक्रीटचा स्लॅब अशा आपल्या सभागृहांत हा दोष ठळकपणे जाणवतो. खोलीत एक टाळी वाजवून पाहावी. आवाज रेंगाळला तर महागडे यंत्र घेण्यापूर्वी जमिनीवर सतरंज्या, खिडक्यांना जाड कापडी पडदे आणि मोकळ्या भिंतीशी फायलींची उघडी मांडणी करावी. सतरंजीचा खर्च मंजूर करून घेणेही तुलनेने सोपे असते!

ध्वनिग्राहक कोणापुढे ठेवावा, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी तेवढाच नाही. तो अध्यक्षांपुढे असतो, शेवटच्या रांगेत बसलेल्या महिला सदस्यांपर्यंत पोहोचत नाही. बसण्याच्या जागेवरून बोलण्याचा अधिकार ठरतो, हे जामखेडला वेगळे सांगायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली येथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात निरनिराळ्या जातींच्या, बहुतांशी निरक्षर अशा ग्रामीण स्त्रिया प्रशिक्षणासाठी एकत्र बसू लागल्या. त्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. वर्तुळात बसल्याने मागची रांग उरत नाही. जिला कोणी विचारीत नसे, तिच्या अनुभवालाही तेथे स्थान मिळाले. या दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

हेच वर्तुळ थोडे उघडून पडद्याकडे वळविले की संमिश्र बैठकीची योग्य मांडणी तयार होते. घोड्याच्या नालेसारख्या अर्धगोलात सर्वांनी बसावे आणि उघड्या तोंडाशी पडदा असावा. कॅमेरा पडद्याला लागूनच, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवावा. छताजवळच्या कोपऱ्यात तो बसविला तर बैठकीऐवजी पहारा चालल्यासारखे वाटते. बोलणाऱ्याच्या पाठीशी खिडकी असू नये, अन्यथा चेहऱ्याऐवजी काळी आकृती दिसते. दोन-तीन व्यक्तींमागे एक ध्वनिग्राहक मिळाला तर उत्तम. एकच असेल तर तो हातोहात फिरवावा आणि त्याच्यावाचून बोललेले वाक्य इतिवृत्तात घेऊ नये. हा नियम सुरुवातीला जाचक वाटतो.

अध्यक्षांनी प्रत्येक विषयावर प्रथम दूरच्या सभासदांना विचारावे. दुरून येणारा आवाज थोडा उशिरा पोहोचतो. त्यामुळे प्रश्न विचारून दोन श्वास थांबावे लागते. हा थांबा न मिळाल्याने पुष्कळ ग्रामपंचायत अधिकारी ‘काही अडचण नाही’ या नोंदीखाली गप्प राहतात. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी ठरणाऱ्या गोष्टी तर त्यांच्या कानांवर येतच नाहीत. निर्णय पुन्हा एकदा वाचून दाखविल्याशिवाय संपर्क तोडू नये.

विजेची सोय करताना पडदा आणि संगणक इन्व्हर्टरवर घेतले जातात, राउटर मात्र राहून जातो. त्याचीही जोडणी तेथेच हवी. संपर्क तुटलाच तर कोणत्या दूरध्वनी क्रमांकावर यायचे, ते बैठकीच्या सूचनेतच छापावे. नवी व्यवस्था झाल्यावर तिची चाचणी अगदी साधी आहे. सभागृहातील सर्वांत मागच्या व्यक्तीने वीस आकडे वाचावेत, दूरच्या गावातील सदस्याने ते लिहून घ्यावेत आणि दोन्ही कागद ताडून पाहावेत. वाचणारी व्यक्ती मृदू आवाजाची निवडावी. आकड्यांत सात आणि साठ दोन्ही असावेत.