पत्रावळीतून आमटी का गळते?

'डिझाइन शिकून काय ताट-वाट्या करणार?' असं विचारणाऱ्या बेगडेवाडीच्या आईबाबांनी पुणे-लोणावळा लोकलनं दोनच स्टेशनं पुढं, तळेगावला जावं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा वर्गणी मागून पैसाफंड उभारला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावात काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथं मालाबरोबर कारागीरही घडवले. भांडी करणं तेव्हा देशकार्य होतं!

आज प्रश्न वेगळा आहे. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे जुलै २०२२ पासून देशभर बंद झाले. त्यांच्या जागी सुपारीच्या झावळीची आणि उसाच्या चिपाडाची ताटं आली. माल बदलला, आकार मात्र बहुतेक तोच सपाट, त्यामुळे आमटीचा ओघळ श्रीखंडात.

डिझायनरनं सुरुवात वाढण्यापासून करावी. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. हातानं कालवताना भात कशाला टेकवायचा? कड किती उंच हवी? सुपारीची झावळी धुऊन, तापलेल्या साच्यात दाबली की ताट होतं, डिंक लागत नाही. पण फार खोल दाबली तर ती फाटते. चिपाडाच्या लगद्याला खोली देता येते, मात्र गरम तेल झिरपतं. ते अडवायला परदेशात अशा अनेक ताटांत पीएफएएस गटातली रसायनं वापरली गेली, आणि ती वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. 'पर्यावरणपूरक' हा शिक्का म्हणूनच तपासून घ्यायचा. हैदराबादच्या नारायण पीसपाती यांनी ज्वारीचा, खाऊन टाकता येणारा चमचा केला. त्याचं कौतुक झालं, पण प्लास्टिकच्या भावाशी टक्कर द्यायची म्हणजे कठीणच.

हे डिझाइन शिकायला बारावी कुठल्याही शाखेची चालते. अहमदाबादच्या एनआयडीत सिरॅमिक आणि काच डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे; त्यासाठी डॅट ही परीक्षा. आयआयटी मुंबईत २०१५ पासून बी.डेस. ही डिझाइनची पदवी आहे, त्यासाठी यूसीड ही परीक्षा. खासगी संस्थांची फी लाखांत जाते. कर्ज काढण्याआधी इमारत नव्हे, कार्यशाळा बघा: भट्टी आहे का, प्रेस आहे का, पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथं हात लावू देतात का?

हे परवडत नसेल तर दहावीनंतर आयटीआयचा टूल अँड डाय मेकर हा ट्रेड आहे. त्याला कमी लेखू नका. ताटाचा आकार शेवटी साच्यातच ठरतो, आणि चाकण-तळेगावच्या वाहन कारखान्यांनाही साचे करणारी माणसं लागतात.

मुलाची आवड खरी आहे का, हे सुट्टीत घरीच कळेल. बाजारातून चार प्रकारची ताटं आणा, त्यांत गरम आमटी ओतायला सांगा. कुठलं किती मिनिटं टिकलं, आधी कुठून गळलं, कड कशी वळवली तर थांबेल, हे त्यानं वहीत चित्रासकट लिहावं. वही भरत गेली तर प्रवेशपरीक्षेच्या क्लासची फी भरा.