‘कोमल गांधार’ : दुभंगलेल्या वंगभूमीचें चित्र

सप्तस्वरांतील तिसरा स्वर गांधार; तो किंचित् खालीं उतरविला म्हणजे त्यास कोमल गांधार म्हणतात. हेंच नांव ऋत्विक घटक यांनीं आपल्या १९६१ सालच्या बंगाली चित्रपटास दिलें. तें त्यांनीं रवीन्द्रनाथ ठाकुरांच्या एका कवितेवरून घेतलें.

१९४७ सालीं बंगालची फाळणी झाली आणि पूर्वेकडील लक्षावधि लोक घरदार सोडून पश्चिमेस आले. घटकांचा जन्म १९२५ सालीं ढाक्यास झाला होता. तेव्हां हें दुःख त्यांस केवळ ऐकीव नव्हतें. पुढें भारतीय जननाट्य संघांत काम करतांना त्यांनीं कलावंतांमधील फाटाफूटहि जवळून पाहिली. हे दोन्ही अनुभव या चित्रपटांत एकत्र आले आहेत.

एका नाट्यसंस्थेच्या दोन तुकड्या झाल्या आहेत. एकीचा चालक भृगु. दुसरींतील नटी अनसूया. दोघांचींहि घरें फाळणीनें हिरावलेलीं. अनसूयेच्या पुढाकारानें दोन्ही मंडळ्या मिळून ‘शाकुंतल’ बसवितात. आश्रमाचा निरोप घेणारी शकुंतला आणि मायभूमीस मुकलेली अनसूया यांचें साम्य प्रेक्षकांच्या सहज ध्यानांत येतें. परंतु हेवेदावे आड येतात व प्रयोग फसतो.

या चित्रपटांतील एक प्रसंग विशेष मनन करण्याजोगा आहे. लालगोला येथें पद्मेच्या तीरावर दोघें उभीं आहेत. पैलतीरीं भृगूचा मुलूख दिसतो. ज्या लोहमार्गानें पूर्वीं जाणें-येणें होई, तो आतां नदीकांठीं एका अडसरापाशीं संपतो. कॅमेरा रुळांवरून वेगानें धांवत जातो आणि अडसरापाशीं येतांच पडदा काळा होतो. दोन देशांची ताटातूट सांगण्यास याहून अधिक शब्द लागत नाहींत. तरीहि चित्रपटांत लग्नगीतांचे सूर वारंवार घुमतात आणि शेवटीं भृगु व अनसूया एकत्र येतात.

त्या वेळीं या कृतीस लोकाश्रय लाभला नाहीं. पुढें घटक कांहीं काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें अध्यापक होते. मणि कौल, कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी.

यांतून आपण काय घ्यावें? पद्मेवरील अडसर काढणें त्या नटांच्या हातीं नव्हतें. पण आपसांतील अडसर त्यांचा त्यांनींच उभारला होता व तो काढणें त्यांस शक्य होतें. स्नेहसंमेलनाच्या नाटकांत भूमिकांवरून आपल्यांत तंटा होईल, तेव्हां या दोन मंडळ्यांची आठवण ठेवावी.