ठोकळ्यांच्या किल्ल्यावर निशाण कसं फडकवायचं?

प्रश्न : आम्ही सुरतला, उधन्यात राहतो. दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करायची. आता इमारतीत जागा नाही, म्हणून मुलीनं संगणकावर मॅजिकाव्हॉक्सेल या ठोकळ्यांनी आकार घडवायच्या प्रोग्रॅममध्ये सुरतचाच किल्ला उभा केला आहे. तिला बुरुजावरचं निशाण फडकवायचंय, किल्ल्याभोवती कॅमेरा फिरवायचाय. त्यासाठी दुसरा प्रोग्रॅम घ्यावा लागेल का?

उत्तर : लेकीनं किल्ला फार छान निवडला! खुदावंदखानानं तापीकाठी बांधलेला हा किल्ला १५४६ मध्ये पुरा झाला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हाही तो मोगलांच्याच हाती राहिला.

नुसतं चित्र हवं असेल तर बाहेर जायला नको. मॅजिकाव्हॉक्सेलच्या रेंडर विभागात ऊनसावली उत्तम येते. मात्र कॅमेरा फिरवायचा तर ब्लेंडर हा ॲनिमेशनचा प्रोग्रॅम घ्या. तो फुकट मिळतो.

किल्ला 'ओबीजे' फाइल करून ब्लेंडरमध्ये न्यायचा. ठोकळे लाखांनी असले तरी घाबरू नका. शंभर ठोकळे लांब, रुंद आणि उंच अशा भरीव घनात दहा लाख ठोकळे असतात, पण बाहेरून दिसतात ५८,८०८. फाइलमध्ये फक्त बाहेरचे पृष्ठभाग जातात, त्यामुळे साधा संगणकही हे पेलतो. रंग एका बारीक पट्टीच्या चित्रात वेगळे येतात आणि ब्लेंडर शेजारचे रंग एकमेकांत मिसळू पाहतो. इमेज टेक्स्चरमध्ये 'लिनियर'च्या जागी 'क्लोजेस्ट' निवडलं की रंग स्वच्छ दिसतात.

निशाण ब्लेंडरमध्ये वाकवू नका. ठोकळे तिरपे झाले की या कलेची सगळी गंमत जाते. निशाणाच्या तीन-चार अवस्था मॅजिकाव्हॉक्सेलमध्येच वेगवेगळ्या बनवा आणि ब्लेंडरमध्ये एकीमागून एक दाखवा. फडफड थोडी तुटक दिसेल, आणि तीच शोभते.

खरा वेळ द्यायचा तो प्रकाशाला. चौकोनी ठोकळ्यांनी गोल बुरूज केला की त्याला पायऱ्या पडतात. ब्लेंडरमधला सूर्य समोर ठेवला तर भिंत सपाट दिसते. मावळतीसारखा खाली, एका बाजूला सरकवला की प्रत्येक पायरीची अरुंद सावली पडते आणि बुरूज गोल भासू लागतो. मुलीला हा सूर्य हातानं सरकवून पाहू द्या. एवढं एक जमलं तरी चित्र जिवंत होतं.

सेकंदाला २४ चित्रं धरली तर दहा सेकंदांच्या फिल्मला २४० चित्रं लागतात. एकाला अर्धं मिनिट लागलं तरी दोन तास झाले. चित्रात रवाळपणा दिसला म्हणून किरणांची संख्या वाढवत बसू नका. तो निम्मा करायला चौपट किरण लागतात, म्हणजे वेळही जवळपास चौपट. त्यापेक्षा 'डीनॉइज' चालू करा. आणि थेट व्हिडिओ न काढता 'पीएनजी' चित्रांची मालिका काढा. मध्येच वीज गेली तरी झालेली चित्रं शाबूत राहतात. उरलेली काढून सगळी ब्लेंडरमध्येच जोडता येतात.