पहिला बायोडेटा लिहिताना



दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले सुट्टीपुरते किंवा कॉलेज सांभाळून जमेल असे काम शोधू लागतात. कुणाला औषधाच्या दुकानात उभे राहायचे असते, कुणाला डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटची नावे लिहायची असतात, कुणाला वसई रोड स्टेशनजवळच्या कपड्यांच्या दुकानात जागा हवी असते. पूर्वी ही कामे ओळखीवर मिळत. वडिलांनी शेठजींच्या कानावर घातले की मुलगा सोमवारपासून हजर. आता ओळख असली तरी पहिला प्रश्न येतो, "बायोडेटा आणलास का?" मग मुलगा झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार संगणकात पडून असलेला कुणाचा तरी बायोडेटा उघडतो, नाव, पत्ता आणि टक्के बदलतो व पाच मिनिटांत कागद हातात देतो. असे बरेच कागद आमच्या नजरेखालून गेले आहेत. मुले वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या स्वभावाची, पण कागद मात्र सगळे एकसारखे!

असे का, म्हणून विचारले तर उत्तरही एकसारखेच मिळते. "आम्ही अजून काही केलेलेच नाही. लिहिणार काय?"

हे खरे नाही. का नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी शब्दांचा घोळ मिटवू या. आपल्याकडे बायोडेटा म्हटले की लग्नाचा बायोडेटा डोळ्यांसमोर येतो आणि नोकरीचा कागदही त्याच वळणाने लिहिला जातो. नोकरीच्या कागदाला रेझ्युमे म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ सारांश. दुसरे नाव सी.व्ही. ही 'करिक्युलम व्हीटे' ह्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. अर्थ जीवनाची वाटचाल. (ज्या आजी-आजोबांनी लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकली आहे, त्यांना ह्यातला दुसरा शब्द ओळखीचा वाटेल.) सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची वाटचाल केवढी असणार? सारांश पुरे. एक पान, त्याहून जास्त नको.

आता त्या छापील नमुन्यातले काय खोडायचे ते पाहू. धर्म, जात, उंची, वजन, वडिलांचा व्यवसाय ह्यांचा कामाशी संबंध नाही. सतरा वर्षांच्या मुलीने 'वैवाहिक स्थिती: अविवाहित' असे लिहिलेले वाचून तर हसावे की रडावे तेच कळत नाही. आधार क्रमांक, पॅन आणि बँकेचा खाते क्रमांक कधीही लिहू नका. हा कागद दहा ठिकाणी फिरतो आणि कुणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. पत्त्यात घर क्रमांक, आळी, शेजारची विहीर असे काही नको. गाव, तालुका आणि पिनकोड पुरे. काम देणाऱ्याला एवढेच पाहायचे असते की हे मूल रोज वेळेवर पोहोचू शकेल की नाही.

वय मात्र स्पष्ट लिहा. 2016 साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, मात्र शाळेचे तास सोडून घरच्या व्यवसायात केलेली मदत चालते. 14 ते 18 ह्या वयात खाणी, स्फोटक वा ज्वालाग्राही पदार्थ आणि कारखान्यांतील धोकादायक प्रक्रिया अशी कामे देता येत नाहीत. वय वाढवून लिहिलेले कागदपत्र मागताच उघडे पडते, आणि अपघात झाला तर त्या खोटेपणाची किंमत मुलालाच मोजावी लागते.

नमुन्याच्या अगदी वर इंग्रजीत एक भारदस्त वाक्य असते, आव्हानात्मक वातावरणात आपली कौशल्ये वापरून संस्थेची प्रगती साधण्याविषयीचे. त्याचा अर्थ विचारला तर दहांतली नऊ मुले खाली बघतात. ते काढून टाका. त्याऐवजी दोन साधी वाक्ये लिहा: आपण काय शिकत आहोत आणि कोणत्या वेळी काम करू शकतो. 'अकरावी वाणिज्य शाखेत शिकते. रोज दुपारी 2 ते 7 आणि रविवारी पूर्ण दिवस काम करू शकते.' दुकानदाराला हेच हवे असते.

आता मुख्य मुद्दा, 'काही केलेलेच नाही' हा. आपल्या वाडीतले घर डोळ्यांसमोर आणा. पहाटे अंधारात सोनचाफ्याच्या कळ्या काढायच्या, मोजायच्या, पानात बांधायच्या आणि दादरला जाणाऱ्याच्या हाती गाडी सुटायच्या आत द्यायच्या. संध्याकाळी किती माल गेला, काय भाव मिळाला, कुणाकडे किती बाकी, हे वहीत लिहायचे. भाजी घेऊन आईबरोबर बाजारात बसायचे, गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की हसतमुखाने भाव टिकवायचा, सुटे पैसे बिनचूक द्यायचे. ही कामे करणारी मुले आपल्याकडे आजही आहेत, पण त्यांच्या कागदावर 'अनुभव' ह्या शब्दापुढे 'नाही' असे लिहिलेले असते! चार दिवस मॉलमध्ये उभे राहिलेला मुलगा अनुभवी, आणि चार वर्षे वाडीचा हिशेब ठेवणारी मुलगी अननुभवी, असे कसे? आम्हांला वाटते की ह्यात थोडी लाजही आहे. शेती-बागायतीचे काम कागदावर घालण्यासारखे नाही, असे मुलांच्या मनात कुठेतरी बसले आहे. आणि ते बसवण्यात आपण मोठ्यांनीही हातभार लावला आहे. 'शिक, नाहीतर वाडीत पाणी शिंपत बसशील' असे म्हणत आपण मुलांना वाढवतो, मग ती तरी वेगळे काय मानणार?

हे काम लिहिण्याची एक रीत आहे. केव्हापासून, काय आणि किती, ह्या तीन गोष्टी प्रत्येक ओळीत आल्या पाहिजेत. 'घरी मदत करते' ह्या वाक्यातून काहीच कळत नाही. तेच असे लिहून पाहा: 'आठवीत असल्यापासून घरच्या फुलबागेच्या विक्रीचा रोजचा हिशेब ठेवते, पाच व्यापाऱ्यांची उधारी आणि वसुली वहीत नोंदवते.' आकडा खरा असावा. पाच नसून दोनच असतील तर दोन लिहा, त्यात कमीपणा नाही. घरी लहान भावंडे सांभाळणे, आजारी आजोबांच्या औषधांच्या वेळा पाळणे, काकांच्या मंडप-डेकोरेशनच्या कामात खुर्च्यांची मोजदाद करणे, शेजारच्या मुलांची शिकवणी घेणे, हे सारे ह्याच रीतीने लिहिता येते. पगार मिळाला नाही म्हणून ते काम ठरत नाही, असे नव्हे.

बहुतेक ठिकाणी हा कागद इंग्रजीत मागतात. तरीही पहिला खर्डा मराठीत करा. आपल्या भाषेत लिहिताना खोटे आणि पोकळ शब्द लगेच खटकतात. मग शिक्षकांच्या मदतीने इंग्रजी करा. इंग्रजी रेझ्युमेत 'आय' हा शब्द गाळून वाक्य थेट क्रियापदाने सुरू करण्याची पद्धत आहे: 'केप्ट डेली अकाउंट्स', 'टॉट फाइव्ह चिल्ड्रन'. 'हेल्प्ड' हा शब्द शक्यतो टाळा. कशात मदत केली ते त्यातून कळत नाही.

चर्चमधल्या कामाबद्दल मुले हमखास विचारतात. लिहावे की लिहू नये? आमचे मत, जरूर लिहावे, पण चर्चबाहेरच्या माणसाला समजेल अशा शब्दांत. 'वेदीसेवक' म्हटल्याने दुकानदाराला काही उमगणार नाही. 'पाच वर्षे दर आठवड्याला सकाळी साडेसहाच्या उपासनेत ठरलेली सेवा केली' असे म्हटल्यावर त्याला कळते की हा मुलगा पहाटे उठतो आणि दिलेली वेळ पाळतो. गायकवृंदात असाल तर किती जणांचा वृंद आणि सराव आठवड्यातून किती वेळा, ते लिहा. सणाच्या दिवशी ध्वनिक्षेपक सांभाळला असेल, स्टॉलचा गल्ला पाहिला असेल, धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानांना शिकवले असेल, संत विन्सेंट डी पॉल संस्थेबरोबर आजारी माणसांच्या घरी गेला असाल, तर तेही लिहा. काही मुलांना भीती वाटते की चर्चचे नाव वाचून कुणी काम नाकारील. तशी माणसे भेटत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपली नावे आणि आडनावे पहिल्याच ओळीत सारे सांगून टाकतात. लपवून फारसे साधत नाही. काम काय केले ते पुढे ठेवा.

गुणांबाबत थोडक्यात. शेवटची परीक्षा आधी लिहा, बोर्डाचे नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष द्या. टक्के कमी असतील तर ते ठळक अक्षरांत मिरवायची गरज नाही, पण विचारल्यावर खरे सांगायची तयारी ठेवा. एमएस-सीआयटी, टायपिंगची शासकीय परीक्षा (मिनिटाला किती शब्द, तेही लिहा), एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, एन.सी.सी.चे प्रमाणपत्र ह्यांपैकी काही असेल तर ते आवर्जून घाला. भाषांपुढे बोलतो, वाचतो, लिहितो असे वेगवेगळे नोंदवा. आणि सामवेदी किंवा वाडवळी बोली येत असेल तर तिचेही नाव घाला. वसईतल्या दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारे मूल मालकाला हवेच असते.

झेरॉक्सच्या दुकानातल्या नमुन्यात 'एक्सेल, पॉवरपॉइंट, टॅली' असे आधीच छापलेले असते आणि मुले ते तसेच राहू देतात. मालकाने समोरचा संगणक दाखवून 'ह्या रकान्याची बेरीज करून दाखव' म्हटले, की पुढची दोन मिनिटे फार लांब वाटतात. ज्याची बेरीज करता येते तेवढेच लिहा. छंद म्हणून 'वाचन' लिहिले असेल तर शेवटचे पुस्तक कोणते वाचले, ते विचारणारच.

कागदाच्या तळाशी ओळखीच्या दोन व्यक्तींची नावे मागतात. नातेवाईक चालत नाहीत. वर्गशिक्षक, खेळाचे प्रशिक्षक, धर्मशिक्षणाच्या बाई किंवा गायकवृंदाचे सर अशांची नावे द्या, पण त्यांना आधी विचारून. अनोळखी माणसाचा फोन अचानक आला तर ते तरी काय सांगणार? फादरांकडून चारित्र्याचा दाखला हवा असेल तर आदल्या रात्री धर्मगुरूनिवासाची घंटा वाजवू नका. आठवडाभर आधी जा आणि आपला कागद बरोबर न्या. शिफारस कशी असावी ह्याचा एक सुंदर नमुना बायबलमध्ये आहे. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाचा आरंभ काढून पाहा. फिबी नावाच्या भगिनीची तो ओळख करून देतो: ती कुठल्या ख्रिस्तसभेची सेविका आहे, आणि तिने अनेकांना व खुद्द पौलालाही कसे साहाय्य केले आहे. दोनच वचने आहेत, आणि त्यांत तिचे ठिकाण आणि काम दोन्ही आले.

पालकांना एक विनंती. कागद मुलालाच लिहू द्या. चुका दाखवा, शुद्धलेखन तपासा, पण पेन हातात घेऊ नका. मुलाखतीला तुम्ही शेजारी बसणार नाही, आणि स्वतः लिहिलेल्या ओळीवरच मूल आत्मविश्वासाने बोलू शकते. फोन नंबर तुमचा दिला असेल तर तसे तुम्हांला ठाऊक असू द्या. वाडीत पंप चालू असताना फोन आला आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला, असेही घडते! ई-मेलचा पत्ता नावाचा साधा असावा. 'कूल', 'रॉकस्टार' असली नावे मित्रांपुरती ठेवा. फोटो मागितला तरच लावा. मोबाईलवर पाठवायचा असेल तर पीडीएफ करून पाठवा आणि फाइलला स्वतःचे नाव द्या.

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची. कामासाठी 'नोंदणी फी' किंवा 'अनामत' मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, मग जाहिरात कितीही चकचकीत असो. आणि दहावीची मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात देऊ नका. ती समोर दाखवा, लगेच परत घ्या आणि मागे ठेवायला झेरॉक्स प्रत द्या. त्या प्रतीवर ती कुणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते पेनाने आडवे लिहून खाली सही करा.